पंगतीत सुटलेले पान

प्रश्न : (जळगाव शहरातील एका वाचकाच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मी ४८ वर्षांचा असून एका पतसंस्थेत नोकरी करतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, त्याच्या तोंडावर राज्य सरकारने शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते. आमच्या भागातल्या शाळेचे चेंडू नंतर कपाटात पडून होते. ते मागून घेऊन आम्ही चार-पाच पालकांनी रविवारी सकाळी मुले खेळवायला सुरुवात केली आणि त्यातून आजची लीग उभी राहिली. नऊ ते बारा वर्षांची ११२ मुले, त्यांत १३ मुली. १४ जणांचा एक असे आठ संघ. सात-सात मुलांचे, २५-२५ मिनिटांच्या दोन भागांचे सामने. एकूण सात रविवार. प्रशिक्षक, पंच, पाणी भरणारे, चुना मारणारे, कोणीही पैसे घेत नाही. पहिल्या दिवसापासून आमचा एकच नियम आहे : प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे. यंदा एका संघाचे प्रशिक्षक हा नियम पाळत नाहीत. ते विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, जाणकार, वेळेचे पक्के आणि दर रविवारी भुसावळहून पदरचे पेट्रोल घालून येणारे गृहस्थ आहेत. त्यांचा संघ तिन्ही सामने जिंकून गुणतक्त्यात पहिला आहे (हा तक्ता मी दर रविवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर टाकतो). यंदा नगरसेवकांनी विजेत्यांना मोठा चषक आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याला सायकल जाहीर केली आहे. मात्र या संघातली तीन मुले जवळजवळ बसूनच असतात. त्यांतल्या एका मुलीला तीन सामन्यांत मिळून ११ मिनिटे मिळाली. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे, खेळून आलेल्या मुलांचे मोजे धुऊनही निघत नाहीत. या मुलीचे मोजे तिन्ही रविवारी पांढरेच राहिले, असे तिच्या आईने माझ्या पत्नीला सांगितले. तिचे वडील रिक्षा चालवतात. साडेसातलाच रिक्षा कडेला लावून ते शेवटपर्यंत उभे असतात. ते मला एवढेच म्हणाले, ‘मनी पोरले बी खेयू द्या ना भो.’ मी प्रशिक्षकांना सुचवून पाहिले, तर ते म्हणाले, फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येत नसतो, मग मी बदल्या करू कशा? जास्त बोललो तर ते सोडून जातील, १४ मुले वाऱ्यावर पडतील आणि त्यांच्या जागी उभे राहायला दुसरे कोणी नाही. पगार न घेणाऱ्या माणसाला नियम कोणत्या तोंडाने सांगायचा? हंगाम संपेपर्यंत गप्प राहावे, की त्या तीन मुलांना दुसऱ्या संघात हलवावे? (माझा धाकटा मुलगाही त्याच संघात आहे, पण त्याचा येथे संबंध नाही.)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वेळी मला ते त्या प्रशिक्षकांविषयी आहे असे वाटले आणि दुसऱ्या वेळी तुमच्या लीगविषयी. मी उत्तर दुसऱ्या वाचनाप्रमाणे देणार आहे. प्रशिक्षकांकडे येईनच, पण जरा उशिरा.

आधी तुमचे ‘कोणत्या तोंडाने’. आपल्याकडे गावोगावी हरिनाम सप्ताहाच्या शेवटी भंडारा होतो. पंगतीत वाढणारी पोरे फुकट वाढतात, उन्हात धावतात आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवतात. तरीही वरणाची बादली घेऊन निघालेला एखादा मुलगा एक पान सोडून पुढे गेला, तर शेजारी बसलेला म्हातारा त्याला लगेच हाक मारतो आणि ‘इकडे राहिले’ म्हणून बोट दाखवतो. त्या हाकेत अपमान आहे असे कोणाला वाटत नाही, आणि वाढणारा मुलगाही ‘मी काय पगार घेतो का’ म्हणून बादली खाली ठेवून घरी जात नाही. तो मागे येतो आणि वाढतो. मोबदला नसला तरी कोणतेही पान सुटता कामा नये, हे दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असते. मग तुमच्या मैदानावर तेच सांगताना तुम्हाला संकोच का वाटावा?

मला वाटते, तुम्ही त्या प्रशिक्षकांचे येणे हे स्वतःवरचे उपकार समजता. पत्रभर हे जाणवते. तक्ता तुम्ही टाकता, तक्रार तुमच्याकडे येते, सुचवून तुम्ही पाहता, आणि प्रशिक्षक गेले तर पंचाईतही तुमचीच होणार. लीग म्हणजे तुम्ही असे सगळ्यांनी धरले आहे आणि हळूहळू तुम्हीही धरले आहे. त्यामुळे जो कोणी रविवारी मैदानावर येतो तो तुमच्या घरच्या कार्याला आल्यासारखा वाटतो, आणि घरच्या कार्याला आलेल्या पाहुण्याला कोणी नियम सांगत नाही. उद्या ही लीग संस्था म्हणून नोंदवायची ठरवलीत, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात माणसे लागतील. नोंदणी कराच असे माझे म्हणणे नाही, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या फेऱ्या काय असतात याची मला कल्पना आहे. पण ती सात नावे आज एका कागदावर लिहून पाहा. चौथ्या नावाला लेखणी अडली, तर दुखणे कोठे आहे ते तुम्हालाच दिसेल.

आता तुमचा नियम. तुम्ही लिहिता की तो पहिल्या दिवसापासून आहे. तो कोठे लिहिलेला आहे? या प्रशिक्षकांना तो कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगितला? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि असता तर तुम्ही तो नक्की केला असता. सुरुवातीच्या चार-पाच पालकांना जे न बोलता कळत होते, ते नंतर आलेल्या माणसाला हवेतून कळणार नाही. त्याला जे दिसते त्यावरून तो नियम शिकतो. त्याला काय दिसते? दर रविवारी संध्याकाळी मोबाइलवर येणारा गुणतक्ता, चषक आणि सायकल. मुलीला बसवून ठेवल्याबद्दल कोणत्याही रकान्यात काही वजा होत नाही, आणि ती खेळली व संघ हरला तर तीन गुण जातात. खेळ जाणणारा माणूस तुमचा हा तक्ता वाचून जसा वागेल, तसेच ते वागत आहेत.

यावर तुम्ही म्हणाल की बाकीचे सात जण तर बरोबर वागतात. येथे थोडा हिशेब करू, कारण पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही दिलेल्या आकड्यांत आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली आहे. सात खेळाडू आणि ५० मिनिटे, म्हणजे एका संघाच्या वाट्याला एका सामन्यात ३५० मिनिटे येतात. ती १४ मुलांत सारखी वाटली की प्रत्येकाला २५ मिनिटे मिळतात, म्हणजे बरोबर अर्धा सामना, ना कमी ना जास्त. ‘किमान अर्धा’ असे तुम्ही म्हणता खरे, पण १४ जणांच्या संघात किमान आणि कमाल एकच होऊन बसते. एखाद्या मुलाला २६ वे मिनिट दिले की दुसऱ्या कोणाचे तरी २५ वे मिनिट गेलेच. हातात घड्याळ आणि कागद न घेता असे काटेकोर वाटप करणे कोणत्याही माणसाला शक्य नाही, म्हणून मी खात्रीने सांगते की तुमचे आठही प्रशिक्षक हा नियम मोडत आहेत. सात जण पाच-दहा मिनिटांनी मोडत असतील आणि एक जण उघडउघड. तुमच्या लक्षात एकच आला, कारण त्याचा संघ वर आहे आणि मोजे पांढरे राहिले आहेत.

त्यामुळे ‘त्यांना काढू की ठेवू’ हा प्रश्न आज विचारायचा नाही. आधी नियम पाळता येईल असा करायचा आणि तो आठही जणांना एकदम लागू करायचा. एकट्याला बाजूला घेऊन सांगितलेला नियम त्या माणसाला टोचतो. तोच सगळ्यांसमोर कागदावर आला की ती मैदानाची रीत होते.

हे कसे करतात याचा एक जुना नमुना आहे. अमेरिकेत फुटबॉलला सॉकर म्हणतात. तेथे कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स येथे १९६४ साली नऊ संघांवर सुरू झालेली ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ पालकांच्या विनामोबदला कामावर वाढत देशभर पसरली. ‘प्रत्येक जण खेळेल’ हे तिचे पहिले तत्त्व, आणि त्याचा अर्थ तुमचाच : निदान अर्धा सामना. फरक असा की हे तत्त्व त्यांनी कोणाच्या चांगुलपणावर सोडले नाही. सामन्याचे चार भाग धरायचे. बदल्या ठरलेल्या थांब्यांवर करायच्या, म्हणजे पूर्वार्धाच्या मधोमध, मध्यंतराला आणि उत्तरार्धाच्या मधोमध. आणि कोणत्या भागात कोण बाहेर बसले त्याची खूण पत्रकावर करायची. पत्रक पंचाच्या हातात गेले की कोणाला विनंती करावी लागत नाही, आणि कोणी कोणावर उपकारही करत नाही.

तुम्ही सामना ५० ऐवजी ४८ मिनिटांचा करा, म्हणजे १२-१२ मिनिटांचे चार भाग सरळ पडतील. प्रत्येक मुलाला दोन भाग. चौदा दुणे अठ्ठावीस आणि सात चोक अठ्ठावीस, हिशेब तंतोतंत जुळतो. कोणते दोन भाग कोणाला द्यायचे एवढे प्रशिक्षकाने ठरवायचे. येथे त्यांच्या जाणकारीला पुरेपूर वाव आहे : शेवटच्या १२ मिनिटांत आपले सर्वांत चपळ सात ठेवायचे, की दर भागात तीन पक्के आणि चार कच्चे अशी सांगड घालायची, हा खराखुरा डावपेचाचा प्रश्न आहे आणि विद्यापीठाकडून खेळलेल्या माणसाला तो आवडावा. पत्रक वहीच्या पानावर हातानेही आखता येते. चौदा नावे, चार चौकोन, खेळला तर फुली. सामना संपला की दोन्ही प्रशिक्षकांची सही.

बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही, हे त्यांचे म्हणणे मोठ्यांच्या स्पर्धांपुरते बरोबर आहे आणि ते स्वतः त्याच पद्धतीने खेळलेले असल्यामुळे ती सबब म्हणून त्यांनी पुढे केली असेल असे मी धरणार नाही. मात्र फुटबॉलचे नियम ठरवणारे आंतरराष्ट्रीय मंडळच आपल्या नियमपुस्तकात लहान मुलांच्या, ज्येष्ठांच्या, दिव्यांगांच्या आणि तळपातळीवरच्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आणण्याची मोकळीक देते. मैदानाचा आकार, गोलची रुंदी, चेंडूचे वजन, सामन्याची वेळ, हे सारे लहानांसाठी बदलण्याची मुभाही त्याच पुस्तकात आहे. हे त्यांना सांगताना ‘तुमचे चुकले’ असा सूर लागू देऊ नका. मुलांचे फुटबॉल हा मोठ्यांच्या फुटबॉलचा नुसता लहान आकार नाही, एवढे बोलणे पुरे.

पुढच्या हंगामासाठी आणखी एक सुचवते. त्याच मैदानाचे मधोमध चुना मारून दोन भाग करा आणि प्रत्येक संघाच्या सात-सात मुलांच्या दोन तुकड्या पाडून पाच-पाचांचे दोन सामने शेजारी-शेजारी लावा. पाच खेळाडू गुणिले ४८ म्हणजे २४० मिनिटे सात मुलांत वाटली गेली की प्रत्येकाला सुमारे ३४ मिनिटे येतात, आणि आज येतात २४. मैदान तेच, रविवार तेच, सकाळचे तासही तेवढेच. इंग्लंडमध्येही मुले एकदम अकरांचा खेळ खेळत नाहीत. वयाप्रमाणे पाच, मग सात, मग नऊ असे चढत जातात. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या मैदानावर चेंडूला पाय लावायला किती वेळा मिळतो, हे कधी कडेला उभे राहून मोजून पाहा. जास्तीचे प्रशिक्षक आणि पंच मात्र लागतील. त्यासाठी तुमच्याच लीगमधून मोठी होऊन बाहेर पडलेली नववी-दहावीची मुले आहेत. त्यांच्या हातात शिट्टी द्या, आणि पंचावर कोणीही मोठा माणूस ओरडणार नाही एवढे आधी जाहीर करा.

गुणतक्त्याचे काय? नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळासाठी नियम ठरवले आणि तेथे साधारण अकराव्या वर्षाच्या आत मुलांच्या सामन्यांचे निकाल आणि क्रमवारीचे तक्ते लावत नाहीत. त्यामुळे तेथील खेळाडू मऊ पडले असेही नाही : २०२२ च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे १६ सुवर्णपदके या लहानशा देशाने नेली, आणि नॉर्वेचा फुटबॉलपटू एर्लिंग हालंड याचे नाव तर तुमच्या मैदानावरच्या प्रत्येक मुलाला पाठ असेल. तुमची मुले नऊ ते बाराची आहेत, त्यामुळे तक्ता पूर्ण बंद करा असा आग्रह मी धरत नाही. मुले गोल मोजणारच, आणि हरल्यावर रडणारही. त्यात बिघडत काही नाही. फक्त दर रविवारी संध्याकाळी तो तक्ता ११२ घरांत पाठवणे थांबवा. तो मुलांसाठी नसतो, तो आपल्यासाठी असतो. पाठवायचाच असेल, तर ज्या संघांचे पत्रक पूर्ण भरलेले आहे तेवढ्यांचेच गुण धरा, म्हणजे नियम मोडण्याची किंमत पहिल्यांदा त्या तक्त्यातच दिसेल.

सायकलीचे जरा नाजूक आहे, कारण ती जाहीर झालेली आहे. नगरसेवकांना जाऊन भेटा आणि सांगा की सातही रविवार हजर राहिलेल्या मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून ती द्यावी, चिठ्ठी त्यांनीच उचलावी. एका घरी पोहोचणारी सायकल एवीतेवी एकाच घरी पोहोचणार आहे, पण आशा शंभरेक घरांत राहील. हा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना लवकर कळेल.

आता कंसातले ते वाक्य. तुमचा धाकटा मुलगा त्याच संघात आहे ‘पण त्याचा येथे संबंध नाही’. संबंध नसता, तर तुम्ही ते लिहिले नसते. तो पांढऱ्या मोज्यांच्या तिघांपैकी नसावा, नाहीतर पत्राची सुरुवातच त्याच्यापासून झाली असती. म्हणजे तो बराच वेळ खेळतो, कदाचित पूर्ण ५० मिनिटे, कदाचित चांगला खेळतो म्हणून आणि कदाचित तुमचा मुलगा म्हणून. यातले खरे कोणते हे तुम्हाला कळायला आज कोणताही मार्ग नाही, आणि त्याला तर मुळीच नाही. त्या मुलीची राहिलेली मिनिटे कोणीतरी खेळले आहे. तिला तीन सामन्यांत ७५ मिनिटे मिळायला हवी होती आणि ११ मिळाली. उरलेली ६४ मिनिटे ज्यांच्या वाट्याला गेली, त्यांत तुमच्या घरचे कोणी आहे. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. तुमची चालढकल केवळ प्रशिक्षक सोडून जाण्याच्या भीतीने आहे, हे तुमचे गृहीतक मला अपुरे वाटते, इतकेच. मुलगा जिंकताना पाहणे कोणत्या बापाला नकोसे असते?

म्हणून या संघाबाबतचा निर्णय तुम्ही एकट्याने करू नका. दुसऱ्या संघातले दोन पालक बरोबर घ्या, शक्यतो त्यांत एक आई असू द्या, कारण १३ मुली खेळत असताना सगळे निर्णय पुरुषांनी कडेला उभे राहून घ्यावेत हे बरे नाही. या तिघांनी पत्रके पाहावीत, तक्रारी ऐकाव्यात आणि तुमच्या मुलाच्या संघाचा विषय निघाला की तुम्ही गप्प बसावे. मुलाला मात्र तुम्हीच सांगा, आणि पुढच्या रविवारच्या आधी सांगा, की आता तोही दोन भाग बाहेर बसणार आहे. त्याला राग येईल. येऊ द्या.

तुम्ही सुचवलेल्या दोन मार्गांबद्दल थोडक्यात. हंगाम संपेपर्यंत गप्प राहणे म्हणजे अजून चार रविवार. पतसंस्थेच्या वर्षात चार रविवार काहीच नाहीत, दहा वर्षांच्या मुलीला ते फार लांब असतात. मी शाळेत असताना खो-खोच्या संघात आम्ही बारा जणी होतो. मैदानात नऊ जणी उतरत आणि मी कायम दहावी असे. सामना सुरू होण्याआधी सगळ्या जणी हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे देत आणि मी त्या रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसे. कोणाच्या किती, हिरव्या कोणत्या, लाल कोणत्या, हे मला अजून सांगता येईल. सामने कोण जिंकले ते एकही आठवत नाही. पुढच्या वर्षी मी नाव दिले नाही, आणि का दिले नाही हे मला कोणी विचारलेही नाही. तुमच्या १३ मुलींपैकी पुढच्या वर्षी कोण आली नाही याची नोंद ठेवता का? ठेवत जा.

तीन मुलांना दुसऱ्या संघात हलवणे मला त्याहून वाईट वाटते, जरी अनेक ठिकाणी हेच केले जाते आणि त्याला शहाणपणा म्हटले जाते. त्यातून मुलांना कळते की बसवले गेल्याची शिक्षा म्हणून आपल्यालाच सोबती सोडावे लागले. प्रशिक्षकांना कळते की न चालणारी मुले दुसरीकडे पाठवता येतात. आणि दुसऱ्या संघात १७ मुले झाल्यावर तुमचा २५ मिनिटांचा हिशेब तेथेही कोसळतो.

आता प्रशिक्षक. त्यांच्याशी बोलणे टळणार नाही, पण ते रविवारी मैदानावर, मुलांच्या आणि पालकांच्या देखत नको, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. नाव न घेता टाकलेला सूचक संदेश हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. ज्याला लागायचा त्याला तो लागतो, बाकीच्यांना चघळायला मिळतो, आणि प्रश्न जागचा हलत नाही. मधल्या वारी तुम्ही भुसावळला जा. ते दर रविवारी तुमच्याकडे येतात, एकदा तुम्ही गेलात तर त्या जाण्यातच निम्मे बोलणे होईल. चहा होईपर्यंत नियमाचा विषय काढू नका; आधी त्या तीन मुलांबद्दल विचारा. त्यांच्याकडे कारण असू शकेल. एखादे मूल चेंडू अंगावर आला की घाबरून डोळे मिटत असेल, एखाद्याला दम लागत असेल, किंवा जिंकण्यासाठी चांगल्या मुलांचे पालकच त्यांच्यामागे लागले असतील आणि ते त्यांनी तुम्हाला सांगितले नसेल. ‘मुलगी आहे, लागेल’ असे काही निघाले, तर शांतपणे सांगा की या वयात मुलामुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो, आणि धक्का लागण्याची भीती न खेळल्यामुळे वाढते. नंतर कोरे पत्रक पुढे ठेवा आणि म्हणा, ‘या रविवारपासून आठही संघांना हे लागू होत आहे. चार भागांची मांडणी कशी करावी हे आमच्यापैकी कोणालाच नीट येत नाही. शनिवारी संध्याकाळी बाकीच्या सात जणांना तुम्ही समजावून सांगाल का?’ ही लाडीगोडी नव्हे. ते काम खरोखर त्यांच्याइतके चांगले तुमच्याकडे दुसऱ्या कोणाला येणार नाही.

बहुतेक माणसे येथे वळतात. ते वळले नाहीत तर? एका रविवारी पत्रक अपुरे राहिले, तर तिघांनी मिळून एकदा सांगायचे. दुसऱ्या रविवारीही तेच झाले, तर आभार मानून, त्यांनी आजवर घातलेल्या वेळेची जाण ठेवून, त्यांना मोकळे करायचे. हे तुम्हाला जड जाईल हे मी जाणते. पण दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहा. एकीकडे एक चांगला प्रशिक्षक जातो. दुसरीकडे, ते राहिले आणि नियम गेला, तर बाकीचे सात जण पुढच्या हंगामापर्यंत तेच शिकतील, आणि मग तुमच्याकडे लीग राहील ती शहरातल्या इतर कोणत्याही स्पर्धेसारखी. त्यासाठी दर रविवारी पहाटे पाचला उठून चुना मारायची गरज नाही.

शिवाय ‘त्यांच्या जागी उभे राहायला कोणी नाही’ हेही मला तितकेसे पटत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा लागतो तो चेंडू, मोकळी जागा आणि घड्याळाकडे पाहून नावे हाकारणारा एक धीराचा मोठा माणूस. जगभर अशा लीग कधीच फुटबॉल न खेळलेल्या आई-वडिलांवर चालतात. ज्याला पुढे शिकायचे असेल त्याच्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे ‘डी लायसन्स’सारखे सुरुवातीचे अभ्यासक्रम आहेत. हंगाम संपल्यावर तुमच्यापैकी एकाला वर्गणी काढून त्यासाठी पाठवा. आणि माणसे मिळत नाहीत असे म्हणणाऱ्या प्रत्येक मंडळाला, मग ते फुटबॉलचे असो, लेझीम पथकाचे असो की वाचनालयाचे, मी एकच विचारते : तुम्ही मागितले कसे? ‘कोणी मदत करेल का’ असे ग्रुपवर टाकले की ११२ घरे एकमेकांची वाट पाहतात. ‘तुम्ही येत्या रविवारी आठ ते नऊ घड्याळ धराल का’ असे एका माणसाला नाव घेऊन, समोर उभे राहून विचारले, की तो सहसा नाही म्हणत नाही. काम लहान हवे, वेळ ठरलेली हवी, आणि ते संपल्यावर त्याला घरी जाता आले पाहिजे. हंगामाच्या शेवटी सगळ्यांना बोलावून कोणाच्या तरी मळ्यात भरीत-भाकरीची पार्टी करा; चषकावरचा खर्च वाचला तर तेवढ्यात ती होईल.

पहिल्या पत्रकासाठी वेळ धरायला तुम्हाला या रविवारीच एक माणूस लागेल. त्या मुलीच्या वडिलांना विचारा. ते साडेसातपासून तेथे उभेच असतात. फक्त घड्याळ त्यांच्या मुलीच्या सामन्याला नको, दुसऱ्या कोणत्याही सामन्याला द्या. तिचा सामना त्यांना नुसता पाहू द्या.